धुराशिवायचा बोगदा

नॅशनल पार्कातली छोटी गाडी पुन्हा सुरू झाल्याची बातमी माझ्या धाकट्या बहिणीने, माधवीने पाठवली. आता तिला डिझेलचं इंजिन नाही आणि वर विजेची तारही नाही, नुसत्या बॅटरीवर धावते. मी लगेच फोन लावला. "आईला न्यायचं," दोघी एकदमच म्हणालो.

आईला दमा आहे. लहानपणी बाबा आम्हाला त्या गाडीत बसवायचे आणि आई फलाटावरच्या बाकावर पिशव्या सांभाळत थांबायची. इंजिनाचा धूर बोगद्यात कोंडायचा, तो तिला सोसला नसता. बहात्तर वर्षांची झाली, पण ती गाडी तिने फक्त सुटताना आणि परत येतानाच पाहिलेली.

"बॅटरी तापली की वास येतो," बेत सांगितल्यावर आई म्हणाली. "माझ्या मोबाईलला येतो."

"तू तो उशीखाली ठेवून चार्ज करतेस," माधवी म्हणाली.

शनिवारी सकाळी घाटकोपरहून मेट्रोने निघालो. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेला उतरून पुलावरून गुंदवली, तिथून दुसरी मेट्रो थेट राष्ट्रीय उद्यान. लिफ्ट आहेत, त्यामुळे वयस्कर माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी हाच रस्ता धरावा. सोमवारी पार्क बंद असतं. खाणं पिशवीत झाकून न्या, माकडं हातातलं ओढतात. मीठ-तिखट लावलेली काकडी मात्र जरूर खा.

आम्ही तिकिटं काढेपर्यंत आई सवयीने बाकावर जाऊन बसली होती. "जा तुम्ही. पिशव्या द्या इकडे."

माधवीने पिशव्या माझ्या खांद्याला अडकवल्या आणि आईचा दंड धरला. "ऊठ गं. नाटकं नकोत."

गाडी सुटलेली कळलीच नाही. मागचे आजोबा विचारत होते, "इंजिन कधी चालू करणार?"

"अहो, झाडं मागे चाललीत, बघा जरा," त्यांची बायको म्हणाली.

रुळांकडेची वाळकी पानं सरसरताना ऐकू येत होती. मी इतकी हरखले होते, की आईकडे बघायचंच राहिलं. बोगद्यात शिरल्यावर पाहिलं, तर पदर नाकाला आणि गाल फुगलेले. रिक्षा ट्रकमागे अडकली की ती असाच श्वास धरते.

"आई, श्वास घे. धूर नाहीये."

तिने मानेनेच नाही म्हटलं.

"अगं घे ना, बोगदा संपेल."

तिने चव बघावी तसा जरासा घेतला. मग मोठा. पुढची मुलं आवाज घुमवायला ओरडत होती. खोकल्याच्या भीतीने जिने कित्येक वर्षांत आवाज चढवला नाही, ती माझी आई पदर सोडून ओरडली, "ओऽऽ!" आणि खोकली नाही.

दमा काही गेलेला नाही. घरचा जिना चढताना ती दोनदा थांबली. मी मात्र धुराचं माहीत असूनही इतकी वर्षं समजत होते, की तिला बाकावर बसायला आवडतंच. माझ्या सोयीचा समज होता तो.

चहा पिताना तिने विचारलं, "माथेरानची गाडी अजून डिझेलवरच का गं?"

"हो."

"तिलाही बॅटरी लावा म्हणावं. आणि जरा लवकर."