मला वाचून न दाखवलेली बातमी

माझ्या साडभाऊंनी मला फसवलं. सरळ सांगतो, आडपडदा ठेवत नाही. बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा, म्हणजे नात्यानं मोठा माणूस, आणि दुर्गपासून कुम्हारीपर्यंत शोधलं तरी इतका खरं बोलणारा दुसरा मिळणार नाही असा. जन्मात एकदाच त्यांनी लबाडी केली आणि ती माझ्याशी केली. रिसालीच्या बाजारात माझं कूलरचं दुकान आहे. फसवणारे रोज येतात. त्यांना मी चेहऱ्यावरून ओळखतो, त्यांच्याशी भांडतो आणि संध्याकाळी त्यांच्याचबरोबर चहा पितो. पण ज्याला फसवता येतच नाही अशा माणसानं फसवलं, तर त्याच्याशी भांडायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

निवृत्त झाल्यावर लोक कुंड्यांत टोमॅटो लावतात किंवा मुलाकडे पुण्याला जाऊन नातवंडं सांभाळतात. आमच्या साडभाऊंनी बातम्यांची वेबसाइट काढली. दिल्लीची नाही, रायपूरचीही नाही, फक्त आमच्या रिसालीची. नळ कधी येणार, कुठल्या गल्लीतला दिवा गेला, कुणाची मुलगी बारावीला पहिली आली, कुणाची बकरी हरवली. बातम्या हिंदीत, पण त्यांची हिंदी अशी की वाचताना आतून नागपूरकडचा माणूस खाकरल्यासारखा वाटावा. बसायला जागा माझ्या दुकानामागची खोली, लाईट गेली तर इन्व्हर्टर माझा, आणि पहिली जाहिरातही माझीच. मी लिहून दिलं होतं, 'रिसालीतील सर्वांत थंड हवा'. ते वाचून साडभाऊंनी चष्मा कपाळावर नेला.

"शेठ, सर्वात थंड हे कोनं मोजलं?"

"मी मोजलं."

"कशानं?"

"अंगानं."

"तुयं अंग थर्मामीटर होय का?"

तासभर भांडलो. मी फुटपाथवर बसून पंख्याच्या मोटारी गुंडाळण्यापासून सुरुवात केलेला माणूस, दुकानाचं शटरसुद्धा घासाघीस करून बसवलेलं. पण या गृहस्थापुढे माझी मात्रा चालली नाही. शेवटी जाहिरात लागली ती 'बऱ्यापैकी थंड हवा' अशी. सगळा बाजार हसला. त्या उन्हाळ्यात जितके कूलर गेले तितके आधी कधी गेले नव्हते, पण हे मी त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही.

दिसायला म्हणाल तर ज्या पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त झाले तिथलं पिवळं हेल्मेट, तिथलेच लोखंडी टोकाचे बूट आणि खाली एक खोकणारी मोपेड. ऊन असो, पाऊस असो, लग्न असो, वेश एकच. एकदा एका लग्नात फोटोवाल्यानं त्यांना लाईटवाला समजून वायर धरायला दिली, तर हे जेवणाची पंगत उठेपर्यंत वायर धरून उभे. 'खड्डा मोठा आहे' असं त्यांच्या वेबसाइटवर कधी छापून येत नसे. मोठा म्हणजे किती? ते माझ्या दुकानातून बादली नेत, हापशावरून पाणी भरभरून खड्ड्यात ओतत आणि मग बातमी लिहीत की या खड्ड्यात इतक्या बादल्या पाणी बसतं. भाजीवाली बाई हे पाहून घाबरली होती. "का होगे भैया, गड्ढा ला काबर नहवावत हस?" तिनं विचारलं. खड्ड्याला आंघोळ कशाला घालतोस, म्हणून. साडभाऊंनी तिचं म्हणणंही बातमीत घातलं. तिचा आक्षेप नोंदवणं त्यांना आवश्यक वाटलं.

आणि भाव करणं त्यांना जमत नसे. जमत नसे म्हणजे, समोरच्यानं जरा तोंड पाडलं की हे द्यायला तयार. एकदा मी त्यांना सिविक सेंटरच्या बाजारात चपला घ्यायला घेऊन गेलो. मी दुकानदाराला बऱ्यापैकी खाली आणला होता, तेवढ्यात तो म्हणाला, "घर में बच्चे हैं, साहब." झालं. साडभाऊंनी त्याचा पहिला भाव कबूल केला आणि वर मुलांची नावं विचारली. बाहेर आल्यावर मी इतका ओरडलो की रिक्षावाले जमले. हे शांतपणे म्हणाले, "तू ओरडून राहिला ते ठीक, पन त्याच्या लहान्याचं नाव लय चांगलं आहे."

पण या सगळ्यावर ताण म्हणजे त्यांची वाचून दाखवण्याची पद्धत. ती त्यांनी प्लांटमधून आणली होती. रोलिंग मिलमध्ये शिफ्ट बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला सगळं तोंडी वाचून दाखवतो. कुठली मोटर तापते, कुठला व्हॉल्व्ह अडतो. येणारा 'ऐकलं' म्हणतो, मगच जाणारा घरी जातो. साडभाऊ उभा जन्म तसे घरी गेले. त्यामुळे ज्याच्याबद्दल बातमी आहे त्याला ती आधी वाचून दाखवायची आणि त्यानं 'ऐकलं' म्हटल्याशिवाय छापायची नाही, हा त्यांचा नियम. मिठाईवाल्याला त्याच्या माश्यांची बातमी वाचून दाखवली. नगरसेवकाला त्याच्या न उघडलेल्या वाचनालयाची. हरवलेल्या बकरीची बातमी मालकाला वाचली आणि जिच्या अंगणात ती सापडली त्या बाईलाही वाचली, आणि दोघांत जुंपली तेव्हा मधे हेल्मेट घालून उभे राहिले.

लोक आधी हसत, मग शिव्या देत, आणि मग एक गंमत झाली. बातमी ऐकल्यावर माणसं सुधारणा करायला धावू लागली. मिठाईवाल्यानं त्याच दुपारी जाळी बसवली. साडभाऊंनी बातमीच बदलली, 'मिठाईच्या दुकानात जाळी बसली'. छापण्याआधी माणसाला एक संधी मिळे. प्रत्येक बातमीच्या खाली एक ओळ असे, 'संबंधितों को पढ़कर सुनाया गया.' रिसालीत त्या एका ओळीला कोर्टाच्या शिक्क्यापेक्षा जास्त मान होता. ती ओळ आहे म्हणजे बातमी खरी, आणि ज्याची आहे त्यानं ती ऐकून घेतलेली.

आता माझ्यावर आलं ते सांगतो.

एप्रिल महिना होता, कूलरचा हंगाम. त्याच संध्याकाळी आमच्या व्यापारी संघाची बैठक होती आणि अध्यक्ष मी होणार हे जवळजवळ ठरलेलं. ज्या बाजारात फुटपाथवर बसून हातानं तारा गुंडाळल्या, त्या बाजाराचा अध्यक्ष. बायकोनं पांढरा सदरा इस्त्री करून ठेवला होता. सकाळी साडभाऊंची मोपेड बाजारात शिरली आणि माझ्या लक्षात आलं की आज बातमी फुटपाथची आहे. दुकानदारांनी सामान बाहेर मांडल्यामुळे शाळेची पोरं रस्त्यावरून चालतात, अशी. खोटी नव्हती. माझे चार कूलर बाहेर होते. हंगामात कूलर आत ठेवून विकता येत नाही, हे ज्यानं कूलर विकला आहे त्याला कळेल.

मी गल्ल्यावर बसून पाहत होतो. ते कोपऱ्यावरच्या भांडीवाल्याकडे गेले. वाचलं. भांडीवाला हात नाचवत राहिला, मग मान हलवली आणि घागरी आत ओढू लागला. मग बांगड्यांचं दुकान. मग माझ्या शेजारचे टेलर, ज्यांना सगळे मास्टरजी म्हणतात. मास्टरजींची शिलाई मशीन पायरीच्या खाली, फुटपाथवर असते. तिथं साडभाऊ बराच वेळ उभे होते. मास्टरजी मोठ्यानं "सुन लिया भाई, सुन लिया" म्हणाले आणि कमरेतून वाकून मशीन आत ढकलू लागले. आता माझी पाळी. मी सगळं बोलणं तयार ठेवलं होतं. दोन कूलर आत घेतो, दोन राहू द्या. नाहीतर संध्याकाळची बैठक होऊ द्या, उद्या चारही आत. चहा सांगितला, त्यांच्यासाठी बिनसाखरेचा.

मोपेड सुरू झाली. माझ्या दुकानासमोर आली. हेल्मेट माझ्याकडे वळलं, तसंच क्षणभर राहिलं, आणि मोपेड पुढे निघून गेली.

मला वाटलं, जेवून येतील. आपला माणूस आहे, शेवटी येईल, निवांत बसेल. दुपारी ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. गिऱ्हाईक आलं, त्याला मी काय भाव सांगितला मला आठवत नाही. तीन वेळा बाहेर जाऊन रस्ता पाहिला. कूलर आत घ्यावेत असं एकदा मनात आलं. पण मग वाटलं, मी कावून घेऊ? आधी त्यानं यावं, वाचावं, मग घेईन. पद्धत म्हणजे पद्धत. बायकोला फोन केला की तुझ्या ताईला विचार, भाऊ कुठं आहेत. तिचा उलट फोन आला, "घरीच हायेत म्हणते. जेवले नाहीत. तुमचं काही झालं का त्याईच्याशी?"

चारच्या सुमारास बाजारातले सगळे फोन एकदम वाजले. बातमी लागली होती. फोटोत माझे चार कूलर, वर माझ्या नावाची पाटी, अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. खाली लिहिलेलं की ऐकल्यानंतर सर्व दुकानदारांनी सामान हटवलं, एक दुकान सोडून. आणि त्याखाली ती ओळ. 'संबंधितों को पढ़कर सुनाया गया.'

रागानं माझे कान वाजत होते. बातमीबद्दल राग नव्हता, बातमी मी पचवली असती. पण ती ओळ खोटी होती. मला कुणी काही ऐकवलं नव्हतं. सगळ्यांना मिळालेली संधी मला मिळाली नव्हती, आणि वर रिसालीला सांगितलं गेलं की याला मिळाली होती आणि यानं ती धुडकावली.

संध्याकाळी बैठकीत मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. जाताना ठरवून गेलो होतो की सगळ्यांसमोर ती ओळ फाडायची. माणसं माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या बाजूच्या भिंतीकडे बघत होती. शेवटी मास्टरजींनीच तोंड उघडलं.

"भैया, बुरा मत मानना. आपको तो सुनाया था न उसने?"

एक 'नाही' म्हणायचं होतं. तेवढ्यानं मी सुटत होतो. आणि तेवढ्यानंच त्या वेबसाइटवरची आजवरची प्रत्येक ओळ खोटी ठरत होती, माश्यांपासून बकरीपर्यंत. पन्नास माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी भावात कुणाला दमडी सोडलेली नाही, आणि त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, "सुनाया था."

अध्यक्ष मास्टरजी झाले. चांगलेच आहेत, मला तक्रार नाही. घरी आल्यावर बायको म्हणाली, "खरं कावून नाही सांगितलं?" मी ताट सरकवलं आणि तिच्यावर इतका ओरडलो की शेजारच्यांनी टीव्ही बंद केला.

पुढे महिनाभरानं ताई घरी आल्या आणि त्यांनी सांगितलं. त्या दिवशी हे घरी येऊन हेल्मेट न काढता सोफ्यावर बसले. ताईंना समोर बसवून माझी बातमी वाचली आणि म्हणाले, "ऐकलं म्हण." ताई म्हणाल्या, "मी कावून म्हणू? दुकान माह्यं आहे का?" तर हे म्हणाले, "तो तुया घरचाच ना?" ताई म्हणाल्या, "त्याले जाऊन वाचा ना." तेव्हा साडभाऊ म्हणाले, "तो भाव करन. दोन कूलर राहू द्या म्हणन, तोंड पाडन. अन मी देऊन टाकीन. मले मायावर भरोसा नाही. मंग उद्या त्या मास्टरजीले मी कोणत्या तोंडानं वाचू?" ताईंनी शेवटी कंटाळून 'ऐकलं' म्हटलं आणि ह्यांनी ती ओळ लिहिली.

म्हणजे रिसालीतल्या नगरसेवकाला न घाबरलेला माणूस मला घाबरला. यात मी खूश व्हायचं की काय करायचं, ते मला ठरवता येत नाही.

त्यानंतर ते दुकानामागच्या खोलीत आले नाहीत. वेबसाइट घरून चालते. भाच्याच्या साखरपुड्यात पंगतीच्या दुसऱ्या टोकाला बसले होते, हेल्मेट मांडीवर. मी वाढप्याला सांगून त्यांच्या पानात जिलबी वाढायला लावली, त्यांना आवडते म्हणून. त्यांनी ती खाल्ली, मान वर केली नाही. बातम्या मी रोज वाचतो. अजूनही दारोदार वाचून दाखवतात, अजूनही खड्ड्यात पाणी ओततात, बादली आता कुणाची नेतात कोण जाणे. पण एक गोष्ट रिसालीत कुणाच्या ध्यानात आलेली नाही. त्या दिवसापासून एकाही बातमीखाली ती ओळ नाही. सगळ्यांना वाचून दाखवतात आणि तसं लिहीत नाहीत. स्वतःला ती ओळ लिहायची परवानगीच त्यांनी काढून घेतली आहे, असं मला वाटतं. मी रोज पानाच्या तळाशी जातो आणि तिथं पांढरी जागा बघतो.

हे मी त्यांना आधी वाचून दाखवलेलं नाही. मुद्दाम नाही दाखवलं. मराठी मंडळाच्या अंकात छापून आलेलं वाचतील तेव्हा कळेल, कसं वाटतं ते.

तर भाऊ, जबाब द्या. अध्यक्षपद गेलं, ते जाऊ द्या. मी पन्नास माणसांसमोर तुमच्यासाठी खोटं बोललो, त्याचा जबाब द्या. ताईंकडून निरोप नको, बायकोमार्फत नको. स्वतः दुकानात या आणि ती बातमी पहिल्या शब्दापासून मला वाचून दाखवा. मी भाव करीन, ओरडीन, तोंड पाडीन. तुम्ही देऊ नका. पण या.