अनसूया गुड्स ट्रान्सपोर्ट, कराड

मी कराड सोडलं त्या सकाळी अख्खी गल्ली आमच्या दारात जमली होती. मामांची गाडी मुंबईला निघायच्या तयारीत, आई अजून एक डबा, अजून एक पिशवी करत आत-बाहेर करतेय, आणि अण्णा नळापाशी एकटेच उभे, घासलेटने हाताचं ग्रीस काढत. आदल्या संध्याकाळीच ते दुसऱ्याच्या लॉरीवरून हुबळीची खेप करून आले होते. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी हात मागे घेतले. माझ्या नव्या ड्रेसला डाग पडेल म्हणून. मग हळू आवाजात म्हणाले, "तिकडं कुणी इचारलं, वडील काय करतात, तर बिझनेस म्हणायचं. लॉरीचं नाव काढायचं न्हाई."

मी "हो" म्हटलं. आणि पुढे कितीतरी वर्षं ते पाळलं.

सिडनीजवळच्या वॉलॉंगॉंगच्या युनिव्हर्सिटीत शिकताना पाळलं, समीरशी लग्न ठरताना त्याच्या पुण्याच्या घरी पाळलं, आणि कॅसल हिलच्या मराठी पॉटलकमध्ये तर फारच इमानाने पाळलं. "वडिलांचा ट्रान्सपोर्टचा बिझनेस होता," मी म्हणायचे. "अरे वा, फ्लीट केवढी?" असं कुणी विचारलं की मी हसून श्रीखंडाचं भांडं पुढे सरकवायचे. फ्लीट एकाची होती, हे मी कधी सांगितलं नाही.

ती एक म्हणजे बेडफर्ड. आराखडा विलायतेचा, जोडणी आपल्याकडची. लांब नाकाची, जाड ओठांची, पुढे बघून रुसल्यासारखी दिसणारी. अण्णांनी ती जुनीच घेतली होती आणि कपाळावर आपल्या आईचं नाव रंगवून घेतलं होतं: अनसूया गुड्स ट्रान्सपोर्ट, कराड. मोसमात गूळ, एरवी मिळेल ते. खंबाटकीच्या चढाला ती दुसऱ्या गिअरमध्ये अशी कण्हायची की आई पदर तोंडाला लावायची. अण्णा मात्र डॅशबोर्डवर थाप मारून म्हणायचे, "चल बये, मी हाय न्हवं." मी दहावीत असताना ती भंगारात गेली. त्यानंतर अण्णा दुसऱ्यांच्या लॉऱ्या चालवू लागले, आणि घरात बेडफर्डचं नाव निघेनासं झालं.

आता इथलं सांगते. मी पोर्ट केंब्लाला एका वेअरहाऊसच्या डिस्पॅचमध्ये काम करते, म्हणजे कुठला ट्रक कुठल्या गेटला लागणार ते बघते. तीनेक वर्षांपूर्वी एका रविवारी समीर, मी आणि आमची इरा डोंगरावरच्या गावांकडे फिरायला गेलो होतो. एका फार्मच्या कुंपणाआड, गवतात गुडघाभर रुतलेलं ते लांब नाक मला दिसलं.

"समीर, गाडी थांबव."

"काय झालं?"

"थांबव म्हणते ना!"

तीच होती. म्हणजे तिची बहीण. या देशातही शेतकऱ्यांनी त्या ढिगाने वापरल्यात, हे मला ठाऊकच नव्हतं. मी सरळ जाऊन बॉनेट उघडलं. आत उंदरांनी घर केलं होतं, पण वास तोच होता. इरा गाडीतूनच ओरडली, "आई, प्लीज, इट्स सो एम्बॅरसिंग!" महिन्याभरात ती लॉरी आमची झाली. मैत्रिणींनी डोक्याला हात लावला. "अगं, लोक इलेक्ट्रिक गाड्या घेतायत आणि तू हे भंगार?" एकीने तर समीरला बाजूला घेऊन विचारलं, वैशालीचं सगळं ठीक आहे ना म्हणून.

ठीकच होतं. जुन्या ब्रिटिश लॉऱ्यांच्या एका क्लबात मला केन भेटला. ऐंशीच्या घरातला, विलायतेतल्या लँकशरचा, तरुणपणी तिकडे लॉरी चालवलेला आणि मग बायकोला घेऊन बोटीने इथे आलेला. आमच्या जवळच, डॅप्टोत, त्याची मोठी शेड होती. दोन वर्षं दर शनिवारी आम्ही दोघं त्या लॉरीखाली आडवे पडलो. काम करता करता तो तिकडच्या कंपन्यांची नावं घ्यायचा, आपण शाळेतल्या मित्रांची घेतो तशी. प्रत्येकीचा रंग वेगळा, सोनेरी अक्षरं हाताने रंगवलेली, रविवारी ड्रायव्हर स्वतः लॉऱ्या धुवायचे. मग मोठ्यांनी छोट्यांना विकत घेतलं. केनची कंपनी गेली त्या दिवशी यार्डातल्या सगळ्या दारांवरची नावं दुपारपर्यंत रंगाखाली गेली होती. हे सांगताना तो पान्याकडे बघत राहायचा. मला वाटायचं, हा माणूस माझं सगळं समजू शकेल.

मधल्या काळात मी जड गाडीचं लायसन्स काढलं, दुसऱ्या प्रयत्नात. इंजिन सुरू झालं. उरला रंग.

केनने एका शनिवारी गडद हिरव्या रंगाचा डबा टेबलावर ठेवला. "माय ओल्ड फर्म्स ग्रीन," तो म्हणाला. अक्षरांचा कागदही त्याने तयार ठेवला होता. त्याच्या कंपनीचं नाव.

मी म्हटलं, "केन, हिच्यावर माझ्या वडिलांच्या फर्मचं नाव येणार. मराठीत."

तो आधी हसला. मग त्याला कळलं की मी गंमत करत नाहीये.

"इट्स अ ब्रिटिश लॉरी, लव्ह."

"अँड माय फादर ड्रोव्ह वन. फॉर नाइन्टीन इयर्स."

"दॅट्स नॉट द सेम थिंग."

त्याने डबा उचलला आणि तो घरात गेला. पुढच्या शनिवारी मी लॉरी आमच्या ड्राइव्हवेवर आणली.

एका जुन्या फोटोवरून मी अक्षरं पुठ्ठ्यावर गिरवली. बॉनेट लाल, कपाळपट्टी पिवळी, अक्षरं निळी, त्यांना पांढरी सावली. 'सू'च्या उकाराशी तीन संध्याकाळी झगडले. झालं तेव्हा अण्णांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन हळूहळू त्या पाटीवरून फिरवला. वाटलं होतं, रडतील. ते म्हणाले, "पूस ते."

"अण्णा, का?"

"जावयाच्या दारात ड्रायव्हरची पाटी लावतीस? तुला एवढं शिकवलं ते ह्याच्यासाठी? पूस म्हणतो ना!"

"नाही पुसणार," मी म्हणाले. बापाला असं पहिल्यांदाच म्हणाले. त्यांनी फोन आईच्या हातात दिला. त्यानंतर पाच आठवडे मी फोन केला की ते अंगणात असायचे.

म्हणजे दोन म्हातारे, दोन खंडांतले, एकाच पाटीवर रुसले होते. दोघांनीही मला लॉरी शिकवली होती. पण माझं ठरलं होतं.

क्लबच्या वार्षिक शोला मी एकटीच निघाले. समीरला कामासाठी सिडनी गाठायचं होतं, इराने यायला नकार दिला. मैदानाच्या गेटवर केनच होता, पिवळं जॅकेट घालून, गाड्यांना जागा दाखवत. त्याने पाटीकडे पाहिलं आणि मला मागच्या रांगेकडे बोट केलं, ट्रॅक्टर आणि पाण्याचे पंप होते तिकडे.

मी काच खाली केली. "ब्रिटिश लॉरीज कुठे?"

"दॅट रो इज फॉर पीरिअड लिव्हरी." म्हणजे मूळ काळातल्या कंपन्यांच्या रंगातल्या गाड्यांची रांग.

"माझी पीरिअडच आहे, केन. तू त्या काळात हिरवी चालवत होतास, अण्णा लाल चालवत होते. तुझ्या नावावर रंग मारला, आमच्या नावाचं भंगार झालं. तू तुझं परत लिहितोस, मी माझं."

हे सगळं मी इंग्लिशमध्ये आणि बरंच अडखळत बोलले. मागे गाड्या खोळंबल्या होत्या. मी फर्स्ट गिअर टाकला, उजवीकडे वळले आणि ब्रिटिश रांगेतल्या मोकळ्या जागेसमोर जाऊन थांबले. जागा अडवायला तिथे केशरी कोन ठेवला होता. केन चालत आला. मला वाटलं, आता कमिटीला बोलावणार. त्याने पाटीवरची अक्षरं डावीकडून उजवीकडे पाहिली आणि विचारलं, "हू वॉज शी?" अनसूया हे बाईचं नाव आहे, एवढं मी त्याला कधीतरी सांगितलं होतं.

"माझी आजी."

त्याने कोन उचलला. "स्टिल द रॉंग कलर," म्हणाला आणि गेटकडे निघून गेला.

बक्षीस-बिक्षीस काही मिळालं नाही. ट्रुगानिनाहून, म्हणजे थेट शेजारच्या राज्यातून आलेला एक पंजाबी ट्रकवाला मात्र तासभर लॉरीपाशी उभा होता. "दीदी, मेरे दादा के पास भी यही थी," म्हणाला. त्याने काढलेला फोटो मी अण्णांना पाठवला. विलायती लॉऱ्यांच्या मधोमध त्यांची पाटी. सोबत काहीच लिहिलं नाही.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. राम राम नाही, खुशाली नाही.

"दार मोकळंच ठेवलंस व्हय?"

"कसलं दार?"

"ड्रायव्हर साइडचं. तिथं 'मालक-चालक' असतंय. त्याच्याखाली नाव असतंय." मग म्हणाले, "माझं पूर्ण नाव लिही. वडिलांच्या नावासकट."

मी लिहिलं. इराने ते मोठ्याने, एकेक अक्षर लावून वाचलं.

मागच्या आठवड्यात इथल्या मराठी मंडळातून फोन आला. गणपतीच्या मिरवणुकीला लॉरी मिळेल का? फोन करणारी तीच, जिने समीरला बाजूला घेतलं होतं. "फक्त समोर स्पॉन्सरचं बॅनर लागेल गं, ती पाटी झाकून." मी म्हटलं, लॉरी मिळेल, चालवेन मी, पाटी झाकणार नाही. तिने विचारून सांगते म्हटलं. सांगेल.

कराडहून अजून विचारतात, घरी परत कधी येणार? आणि इथे आलेले माझ्यासारखे विचारतात, तुला घरची आठवण येत नाही का? दोघांनाही एकच सांगते. वडील काय करतात, असं विचारल्यावर मला श्रीखंडाचं भांडं पुढे सरकवावं लागायचं, तेव्हा मी ना कराडात घरी होते, ना इथे. आता कुणीही विचारा. माझे वडील लॉरी चालवायचे. मीही चालवते. घर वॉलॉंगॉंगला आहे, लॉरी दारातच उभी असते, चुकायची नाही. या.