पाय टेकतील एवढं पाणी

जयवंत कुबल हा माणूस हेरंबला नीट ठाऊक होता असं म्हणता येणार नाही. गाव मालवणकडचं, राहायला काळाचौकीला, गिरणीत कापूस विंचरायच्या कार्डिंग खात्यात, घरी बायको आणि दोन मुली, आणि चालून आला की बोलायच्या आधी थोडा वेळ थांबतो, एवढंच. त्याच्या घरी हेरंब कधी गेला नाही. जयवंत कोणत्या देवाला हात जोडायचा, रागावला की काय करायचा, यातलं काही हेरंबला सांगता आलं नसतं. झाल्या त्या थोड्याशा भेटी, त्याही दुकानाच्या फळीच्या अलीकडे-पलीकडे उभं राहून. पण वर्षानुवर्षं शेजारी राहिलेली माणसं हेरंब विसरला, आणि जयवंत मात्र राहिला.

हेरंबचं दुकान परळला, पोयबावडीजवळ. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो यांना चौकटी करायच्या, खिडक्यांच्या फुटक्या काचा बदलायच्या, असं काम. पंचावन्न सालच्या श्रावणात एका दुपारी जयवंत घासलेटचा रिकामा डबा घेऊन दुकानासमोर उभा राहिला. श्वास जागेवर येईपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "याचा तळ कापून तिथे काच बसवून देशील?"

"डब्याला काच? आणि आत काय ठेवणार?"

"डोकं."

हेरंबला वाटलं, माणूस थट्टा करतोय. पण जयवंतने डबा फळीवर आडवा केला आणि समजावून सांगितलं. त्यांच्या गावी खडकांच्या आडोशाला समुद्र शांत असतो. लहानपणी पोरं तिथं बुड्या मारायची. डोळे उघडे ठेवले की खारं पाणी झोंबायचं आणि सगळं धुरकट दिसायचं. गावातल्या एका म्हाताऱ्याकडे लाकडी पेटी होती, तळाला काच लावलेली. ती पाण्यावर टेकवायची आणि आत तोंड घालून बघायचं. तळ कसा, तर ताटात वाढून ठेवल्यासारखा दिसायचा. दगडांवर उगवलेली फुलं, मासे, खेकडे, सगळं.

"माझ्या पोरी मुंबईत जन्मल्या," तो म्हणाला. "त्यांना समुद्र म्हणजे चौपाटी. भेळ खायची आणि घरी यायचं. एकदा दाखवायचंय त्यांना. पोहता येत नाही एकीलाही, म्हणून डबा."

"मग आता गणपतीला जाल तेव्हा—"

"गणपतीत नाही. गणपतीत आमचा समुद्र चहासारखा असतो."

साध्या पातळ काचेने भागणार नव्हतं. जाड काच मिळाली की बाजूला ठेवतो, असं हेरंब म्हणाला. ती मिळायला दिवाळी उजाडली. मधल्या दिवसांत जयवंत पाळी सुटल्यावर अधूनमधून डोकावायचा आणि सहलीचं कुठवर आलंय ते सांगायचा.

ठरवायच्या गोष्टी दोन, कुठे आणि कधी. कुठे याचा निकाल त्याच्या बायकोने, मालनने लावला होता. ती कऱ्हाडकडच्या एका कोरड्या गावची. विहिरीपलीकडचं पाणी तिने मुंबईत आल्यावर पाहिलं, आणि तेही लांबून. तिने अट घातली होती की जिथे तिचे पाय टेकतील आणि ते पाय तिला वरून दिसतील, तिथेच पोरी पाण्यात उतरतील. दुसरीकडे कुठेही नाही.

"म्हणजे देवबाग गेलं," जयवंत सांगत होता. "तिथे खाडी समुद्राला मिळते, ओढ असते. तारकर्लीचं पाणी बघत राहावं असं, पण खाली नुसती वाळू. पोरी वाळू बघून काय करणार? राहिली आमच्या घराखालची खडकांमागची जागा. कमरेएवढं पाणी, लाट आत येत नाही. बाईला तिची अट मिळाली आणि मला माझे मासे."

"तुमची बायको हुशार दिसते."

"हुशार? वकील आहे रे. फक्त कोट नाही."

कधी, हे अवघड होतं. पावसानंतर पाणी निवळायला दिवाळी उलटते. पौष-माघात सकाळचं पाणी गार, पोरी पाय घालून पळून जातील. वैशाखात वारा उठतो. नवख्या माणसांना उतरवायचं तर चैत्रच हवा. तेव्हा पाणी निवळलेलं असतं आणि दुपारपर्यंत अंघोळीसारखं कोमट होतं. पण गिरणीची मोठी रजा वर्षाला एकच, आणि कोकणातला माणूस ती गणपतीला लावतो. घरच्या गणपतीवरची माटवी, फळाफुलांचं ते छत, बांधायचं काम दरवर्षी जयवंतचं होतं. चैत्रात जायचं तर गणपतीला घरी जायचं नाही, असा याचा अर्थ.

जयवंत त्या भाद्रपदात गावी गेला नाही. चाळ रिकामी झाली आणि हा पाळीवर जात राहिला. गावाहून थोरल्या भावाचा, अण्णाचा निरोप आला की माटवी शेजाऱ्याने बांधली. आणखी काही सांगितलं नव्हतं. जयवंत म्हणाला, "शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

"मग आणखी एक वर्ष थांबून जायचं होतं चैत्रात. एवढी घाई कसली?" हेरंबने विचारलं.

जयवंतने छातीवर हात ठेवला. "हिला विचार." कार्डिंगात कापसाचा बारीक तंतू उडत असतो, तो नाकातोंडातून आत जातो आणि बसतो. दोन वर्षांपूर्वी तो चाळीचा जिना एका दमात चढायचा, आता मध्ये दोनदा थांबावं लागत होतं. येत्या चैत्राच्या पुढचा चैत्र दिसेल याचा त्याला भरवसा नव्हता. हे त्याने कुणाचं तरी दुखणं सांगावं तसं सांगितलं, आणि मग काचेचं काय झालं ते विचारलं.

काच आली होती. हेरंबने ती गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवली होती.

मग जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, केंद्राच्या हातात राहणार, असं रेडिओवर सांगितलं गेलं, आणि लालबाग-परळ रस्त्यावर उतरलं. गिरण्या बंद पडल्या. गोळीबार झाले, संचारबंदी लागली. हेरंब दुकानाची फळी लावून घरात बसला, तेव्हा बाहेर आवाज झाला की तो कशाचा हे त्याला ओळखता येऊ लागलं होतं. ओळखीच्या एका घरातला मुलगा गेला. त्याचा फोटो चौकटीसाठी आला तेव्हा हेरंबने दुसरी सगळी कामं बाजूला ठेवली.

त्यानंतर महिनाभर तो खिडक्यांच्या काचाच कापत होता. जिकडेतिकडे फुटल्या होत्या आणि बाजारात काच मिळत नव्हती. दुप्पट भाव द्यायला लोक तयार होते. माळ्यावरची ती जाड काच मात्र त्याने खाली काढली नाही. का काढली नाही, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

फाल्गुनात जयवंत आला. पूर्वीपेक्षा बारीक दिसत होता. संपात गेलेले दिवस गिरणीने रजेतच धरले होते. खात्याचा मुकादम, जॉबर, म्हणाला होता, उरलेली रजा गणपतीला घे, सगळे घेतात तेव्हा.

"मग गणपतीलाच जा," हेरंब म्हणाला. "समुद्र काय पळून जातो?"

"समुद्र नाही रे पळत." जयवंत फळीवर बसला. "गणपतीला गेलो तर पोरी त्या डब्यातून माती बघतील. घरी येऊन म्हणतील, बाबा उगीच सांगायचे."

रस्त्यावरून एक मोर्चा घोषणा देत गेला, तो पुढे जाईपर्यंत बोलणं शक्य नव्हतं.

वाट निघाली ती भलतीकडूनच. त्याच आठवड्यात जयवंतला खात्यात खोकल्याची उबळ आली ती थांबेना, म्हणून त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी छाती तपासून चिठ्ठी लिहिली की याला धुळीपासून दूर, गावी विश्रांतीला पाठवा, आणि याने गार वारा व पाणी टाळावं. त्या चिठ्ठीवर आजारपणाची रजा मंजूर झाली. जयवंत हे सांगताना हसत होता. "पाण्यात उतरू नको म्हणून पाण्याकडे पाठवतायत बघ."

हेरंब हसला नाही. "उतरणार नाही ना?"

"तू डबा कर."

डबा करताना हेरंबने एक चूक केली, तसबिरी करणाऱ्यानेच करावी अशी. तळाच्या पत्र्याला बोटभर काठ ठेवून मधला भाग कापला आणि काच आतून त्या काठावर बसवली, चौकटीत बसवतात तशी. मागून छोटे खिळे, कडेने लांबी, म्हणजे काच पक्की करायचा लगदा. दोघांनी तो डबा पाण्याच्या पिंपात दाबून पाहिला, तर काच काठावरून उचलली गेली आणि पाणी आत आलं.

जयवंतने आत वाकून बघितलं. "अरे, तू देव बसवलास. इथे ढकलणारा खाली आहे."

मग काच बाहेरून बसवली. आता पाणी जितकं दाबेल तितकी ती काठाला घट्ट चिकटणार होती. लांबीवर जयवंतने होडीला लावतात ती राळ गरम करून ओतली. ती त्याने कुठून मिळवली कोण जाणे. दुकानभर तिचा वास राहिला. पुन्हा पिंपात दाबला. आत थेंब नाही. पिंपाच्या तळाशी पडलेलं एक गंजकं बिजागर दोघांनी आळीपाळीने डोकं घालून पाहिलं आणि फार मोठं काही पाहिल्यासारखं एकमेकांकडे बघितलं.

चैत्र लागल्यावर कुबल मंडळी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गेली. हेरंब निरोप द्यायला गेला नाही, तेवढी ओळख आहे असं त्याला वाटलं नाही. पाऊस सुरू झाल्यावर जयवंत एकदा दुकानात डोकावून गेला, घाईत. मग आला नाही. त्या वर्षी गणपती उठल्यानंतर तो वारला. हेरंबला ते पुष्कळ उशिरा कळलं, मालन दुकानात आली तेव्हा.

ती आली पुढच्या फाल्गुनात. बरोबर थोरली मुलगी बकुळा, तिच्या हातात डबा. एका कोपऱ्यातली राळ निघाली होती.

"भाऊ, ह्यो नीट करून पायजे," मालन म्हणाली. "चैत्रात जायाचंय."

जयवंत गेल्याचं तिने त्यानंतर सांगितलं. हेरंबने तिला बसायला स्टूल दिलं आणि चहा सांगितला. ती विचारल्याशिवाय बोलली नसती. हेरंबने सहलीचं विचारलं, म्हणून बोलली.

मालवणला बोट लांब उभी राहते आणि माणसांना पडावात, लहान होडीत, उतरवून किनाऱ्यावर नेतात. तिथेच तिचा धीर सुटला होता. पडाववाल्यांनी तिला गाठोड्यासारखं धरून उतरवलं. घरी पोचल्यावर अण्णाने ओटीवरूनच विचारलं, "गणपतीक येवक नाय, आता माशे बघूक इलंस?" आणि मग स्वतःच डबा उचलून आत नेला.

"दुसऱ्या दिशी पान्यावर गेलो," मालन सांगत होती. "हे गुडघ्यापतुर उतरले आन् उबळ आली. बसले खडकावर. तोंड निळं पडलेलं. पोरी आपल्या उभ्याच. ह्यांनी डबा नुसता पुढं धरलेला, घ्यायला कुनी न्हाई."

"मग?"

"मग काय. म्या काष्टा खोचला."

बकुळा मध्येच म्हणाली, "आई रडत रडत उतरली."

"गप गं. खारं पानी डोळ्यात गेलं व्हतं." मालनने पदर सारखा केला. "कमरेएवढ्या पान्यात गेले. तिथं त्यांच्या सांगण्यापरमानं डबा टेकवला आन् तोंड घातलं. आदी माझंच पाय दिसलं. म्हनलं, हाय, टेकलेत. मग पायाजवळ मासं. पिवळं, काळ्या पट्ट्याचं. म्या हललेच न्हाई, भाऊ. मग एकेक पोरीला बोलावलं."

रोज दुपारी ते तिथे जात होते. जयवंत खडकावरून सांगायचा, डावीकडे सरका, तिथे काटे आहेत, पाय नका ठेवू, आता खाली बघा. मुली डब्यात तोंड घालून ओरडायच्या आणि डब्यातून तो आवाज असा घुमायचा की खडकावर बसलेला बाप हसून पुन्हा खोकायचा. त्याने स्वतः काहीच पाहिलं नव्हतं.

"निघायच्या आदल्या दिशी म्याच म्हनलं, या. एवढंच तर पानी हाय, म्या धरते. डागदर काय म्हनला ते ठावं व्हतं मला. तरी म्हनलं. दंडाला धरून नेलं. लई येळ न्हाई, जरासंच वाकले. काय दिसलं म्हनून इचारलं, तर म्हनले, तुझे पाय."

चहाचा पेला तिने पालथा घातला आणि डबा कधी मिळेल ते विचारलं. हेरंबने परवा या म्हणून सांगितलं. त्या दोघी गेल्यावर त्याने डबा फळीवर आडवा केला.

जयवंतची शेवटची भेट त्याने आठवून पाहिली. तो पावसातला दिवस होता. जयवंत फळीशी उभा राहिला, श्वास जागेवर यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, आणि त्याने आमसुलांचा एक पुडा पुढे सरकवला. हेरंब एका तसबिरीला खिळे मारत होता. मान वर करून त्याने विचारलं, "काय, दिसलं का पोरींना?"

"दिसलं."

"पुन्हा कधी जाणार?"

"मला नको विचारू. आता मालन ठरवते."

"बरं. पाऊस आहे, डोक्यावर काहीतरी घ्या."

"गिरणी काय लांब आहे? चल, पाळी भरायची आहे."