सारजाबाईंचं रेडकू

हर्सूलच्या अंगणवाडीतल्या सारजाबाई शिकल्या सातवीपर्यंतच, पण हातात खडू आला की भल्याभल्यांनी बघत राहावं असा त्यांचा हात. टीव्हीवरच्या कार्टूनमधलं एक नकटं मांजर त्यांनी तक्त्यावर घेतलं, त्याला लुगडं नेसवलं, भाकरी थापायला बसवलं आणि त्या भाकऱ्या मोजत पोरांना अंक शिकवले. पोरं लई खूश. सिल्लोड, कन्नड, पाचोडच्या सेविकाही तक्ते मागायला लागल्या, तेव्हा बाईंनी ते इंटरनेटवर टाकले आणि खाली ठसक्यात लिहिलं, 'सगळ्यांसाठी खुले.'

आठवड्यात कार्टूनवाल्या कंपनीची नोटीस आली. तक्ते काढून टाका म्हणे.

बाईंचं डोकंच फिरलं. "हात माझा, रंग माझे, लुगडं मी नेसवलं. ह्यांचं काय गेलं?"

सून अंबिका वकील. तिनं सासूची भीड ठेवली नाय. "आई, लुगडं तुमचं, मांजर त्यांचं. जे आपलं नाय, ते गावाला वाटायला आपण कोण?"

झोंबलं. पण खोटं रेटणाऱ्यातल्या बाई नव्हत्या. एकेका सेविकेला फोन करून त्यांनी तक्ते उतरवायला लावले. दुसऱ्या दिवशी पोरं विचारायला लागली, मांजर कुठं गेलं, तेव्हा बाई पोरांसमोरच रडल्या.

मग शेजारच्या गोठ्यातलं रेडकू त्यांनी महिनाभर काढलं, खोडलं, परत काढलं. एक कान पडका, पोट सुटलेलं, नजर मोठी आगाऊ. ह्याच्यावर कुणाच्या बापाचा हक्क नव्हता.

ते बघून एक प्रकाशक आला. हक्क विका म्हणाला, मग दुसऱ्या कुणाला ते काढता येणार नाय. बाईंनी चहा पाजून त्याला वाटेला लावलं आणि अंबिकाकडून पेपरात जाहीर नोटीस दिली: रेडकू माझं आहे, त्यावरचा हक्क मी सोडला आहे, कुणीही न विचारता काढावं, बदलावं. गल्लीला वाटलं, बाईंनी प्लॉट विकायला काढला.

पुढं बैठकीला त्या सिल्लोडला गेल्या. तिथल्या चतुराबाईंच्या अंगणवाडीत भिंतीवर रेडकू होतं, डोक्यावर टोपी, पाय जरा तोकडे. चतुराबाई गांगरल्या. तेवढ्यात एक चिमुरडी सारजाबाईंचा पदर ओढत म्हणाली, "हे आमच्या बाईंनी काढलंय."

"व्हय," सारजाबाई म्हणाल्या, "त्यांचंच हाय ते."

आणि परतीच्या एसटीत त्या अशा ऐटीत बसल्या, की कंडक्टरनं त्यांना ताई न म्हणता मॅडम म्हटलं.