रघुजींनी न ठेवलेली फट

बंगळूरच्या शिवाजीनगरात गॅरेजवाल्या रघुजींना नावानं कोणी हाक मारत नसे. सगळ्यांचे ते टॅपेट अण्णा. इंजिनाच्या वाल्वपाशी, म्हणजे टॅपेटला, किती फट हवी, हे त्यांचा कान सांगे आणि पोलादी पत्ती सरकवून ते ती मोजत. चाळीस वर्षं हेच! दसऱ्यातल्या आयुधपूजेला पान्यांना नुसतं कुंकू, पण पत्तीला शेवंतीचा अख्खा हार. एवढा मान मिळाल्यावर डोकं जागेवर राहतंय थोडंच?

त्र्याण्णव साली कृष्णमूर्तींनी आजोबांची आठ सिलिंडरांची अमेरिकन गाडी आणली. रविवारी जुन्या गाड्यांची मिरवणूक होती आणि इंजिन टकटक वाजत होतं.

"अण्णा, स्वल्प बघा. नाहीतर के. आर. पुरमच्या मेकॅनिककडे नेतो."

के. आर. पुरमला! रघुजींना ते भारी झोंबलं. नावाचाच प्रश्न होता. त्यांनी सोळाच्या सोळा वाल्वांना पत्ती लावून चोख फट ठेवली. टकटक दुप्पट झाली. पुन्हा ठेवली. शनिवार उजाडला तरी आवाज हटेना, आणि शेजारचे दुकानदार उगीचच डोकावू लागले.

दुपारी सून रक्षिता डबा घेऊन आली, ती गाडीतलं दुरुस्तीचं इंग्रजी पुस्तक चाळत बसली.

"मामंजी, हिच्यात फट ठेवायचीच नसते. तेलाचा दाब ती आपोआप भरून काढतो. ढिलाई जाईपर्यंत नट आवळायचा, वर अर्धा फेरा, आणि हात काढून घ्यायचा."

"मग मेकॅनिक कशाला हवा?" रघुजी कडाडले. पण अडला होता बिचारा जीव. मुकाट्यानं तसंच केलं.

इंजिन सुरू झालं ते पहिल्यापेक्षा मोठ्यानं खडखडतच. रघुजींचा हात पान्याकडे गेला.

"थांबा, तेल चढू दे," रक्षिता म्हणाली.

हात बगलेत दाबून ते उभे राहिले. इतकं कष्टाचं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. पाचेक मिनिटांत टकटक थांबली.

कृष्णमूर्तींनी त्यांचे हातच धरले. "काय हात आहे हो! किती फट ठेवलीत?"

"काहीच नाही. सुनेनं वाचून सांगितलं, तसं केलं."

"सरी, सरी, बरं, नका सांगू!" कृष्णमूर्ती मनापासून हसले. "विद्या कोण फुकट देतं?"

सोमवारी दारात तीन गाड्या. तिघांनाही तीच गुप्त फट हवी होती. रघुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी हात जोडून खरं काय ते सांगितलं. तिघांनी एकमेकांना डोळा मारला आणि शेजारी उभ्या रक्षिताला चहा सांगितला.