लिनक्सचा जुना कर्नल परत आला

अमावास्येला रस्त्यात लिंबू दिसलं तर घरी नेऊन सरबत करून पिणारा माणूस आहे मी. भुतांवर विश्वास नाही... माणसांवर त्याहून कमी. त्यामुळे इथे लिहू की नको, यातच बरेच दिवस गेले.

दुष्काळाचं वर्ष होतं. शहराबाहेर बिडकीनकडे प्लॉट धडाधड विकले जात होते आणि आमच्या गारखेड्यात नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही न सांगता. शहरात तेव्हा सगळ्याच ऑफिसांत एक अलिखित नियम होता – घरून ‘पाणी आलं’ असा फोन आला की माणूस उठून जायचा. साहेबसुद्धा कारण विचारत नसत.

बजाजनगरजवळ एका छोट्या कंपनीत मी सर्व्हर सांभाळायचो. दुसऱ्या दिवशी मोठ्या गिऱ्हाइकाची तपासणी होती. लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्या सिस्टिमचा गाभाच, जुना होता आणि त्यात सुरक्षेची मोठी त्रुटी होती. तो बदलला तर मी पर्मनंट, नाहीतर नारळ. आमच्या मॅनेजरांनी, देवळे सरांनी, तसं तोंडावर सांगितलं होतं.

सकाळी अपडेट टाकलं. ‘यशस्वी’ असा मेसेज आला. सर्व्हर रीस्टार्ट केला – आकडा जुन्याच कर्नलचा! असं होतं कधीकधी, सुरू होताना मशीन जुनीच नोंद उचलतं. सेटिंग बदललं, तरी तेच. शेवटी वैतागून जुना कर्नल डिस्कवरून साफ पुसून टाकला. ना रहेगा बांस...

तेवढ्यात बायकोचा फोन. “अहो, पाणी आलंय, प्रेशर नाहीये. लवकर या!” सर्व्हर रूमला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि निघालो. अख्खी दुपार गच्चीवर, टाकीत पाइप धरून.

संध्याकाळी परत येऊन माझ्याच किल्लीने कुलूप उघडलं आणि रीस्टार्ट केला. पुन्हा जुना आकडा.

पुसलेला कर्नल आला कुठून? लिनक्समध्ये कर्नल कुठल्या युजरने आणि कधी तयार केला, हे बघता येतं. बघितलं. तो त्याच दुपारी, त्याच मशीनवर नव्याने तयार केला होता. आणि युजर – मी!

भूतबीत मनात आलंच नाही. माझ्या जागेवर डोळा असलेला सचिन आठवला. पण तो लग्नाला सोयगावला गेला होता, आणि पासवर्ड मी बायकोलाही सांगितलेला नव्हता. देवळे सर मागे येऊन स्क्रीन वाचत होते. “नाव तुमचं दिसतंय,” एवढंच म्हणाले. त्यांची नजर मला ओळखीची होती. मी जगाकडे तशाच नजरेने बघतो.

“सर, मी घरी होतो! वॉचमनला विचारा.”

रफिक चाचांना बोलावलं. म्हातारा माणूस, माझ्यावर जीव. मी विचारलं, “चाचा, दुपारी मी गेल्यावर या खोलीत कोण आलं होतं?”

“कुणीच नाय साब.” चाचा सरांकडे वळले. “हे तर जेवायला बी उठले नाय. लई काम करतेत. मी चहा नेऊन दिला ना हितं.”

टेबलाखाली खरंच एक कप होता. मी चहा पीत नाही, हे सगळ्यांना माहीत; चाचाच दर वेळी विसरतात.

“चाचा, नीट आठवा. मी पाणी भरायला गेलो होतो.”

“व्हय, तेच तर इचारलं मी तुमाला. म्हणलं, साब, पाणी आलंय म्हणं गारखेड्यात, तुमी गेले नाय?” चाचा हसले. “तर तुमीच म्हणले की – तो गेलाय.”

सरांनी दुसऱ्याच दिवशी माझा हिशोब केला. चाचा खोटं बोलले असं म्हणावं, तर माझं वाईट करून त्यांना काय मिळणार होतं? बायको म्हणते, दुपारभर तुम्ही गच्चीवरच होतात. ती शपथेवर सांगायला तयार आहे. काय झालं ते मला आजही कळलेलं नाही. फक्त पाणी आलं की गच्चीवर आता तीच जाते, आणि मी तिच्या नजरेसमोर, खाली नळापाशी उभा राहतो.