मयेकर बाईंचा शनिवारचा तास

नजमाचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. नजमा माझी शाळेतली मैत्रीण. ती अजूनही रत्नागिरीतच असते, आणि एरवी फोन केला की कामाचं बोलायच्या आधी भरपूर हसून घेते. त्या दिवशी ती नुसतंच "सुनंदा..." म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, "बाई गेल्या गो." कुठल्या बाई, असं मी विचारलं नाही. आम्हाला शिकवणाऱ्या बाई पुष्कळ होत्या, पण आडनावाशिवाय नुसतं 'बाई' म्हटलं की आमच्या वर्गापुरत्या त्या एकच, मयेकर बाई. पहाटे झोपेतच गेल्या म्हणे. पुण्याहून निघून अंत्यदर्शनाला पोचणं शक्य नव्हतं. मी ओला टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिले, आणि का कोण जाणे, पहिल्यांदा आठवला तो त्यांचा आवाज. कोरडा, जरा घोगरा आणि कायम घाईत असलेला. "हां, पुढे?"

मी रत्नागिरीला आले ती आठवीत. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. माझे वडील पोफळीच्या वीजकेंद्रात फिटर होते. तिथल्या वसाहतीत माझं सगळं बालपण गेलं, मग त्यांची बदली झाली. आम्ही मूळचे कराडकडचे. वसाहतीत आमच्यासारखी घाटावरची बरीच घरं असल्यामुळे आपण काही वेगळं बोलतो हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. रत्नागिरीच्या शाळेत पहिल्याच दिवशी मी "लई ऊन हाय" म्हणाले आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. त्यानंतर मी तोंड उघडलं की मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच "लई, लई" म्हणायचं. हळूहळू मी बोलणंच सोडलं. मधल्या सुट्टीत जिन्याखाली बसून एकटीच डबा खायचे आणि घरी आईला सांगायचे की मला खूप मैत्रिणी मिळाल्यात.

मयेकर बाई आमच्या वर्गशिक्षिका. गणित शिकवायच्या. उंच, किडकिडीत, सुती साडी, बोटं सदा खडूने पांढरी. मायाळू वगैरे दिसण्याची त्यांना अजिबात हौस नव्हती. गणित चुकलं तर त्या ओरडत नसत, फळ्याकडे बोट दाखवून "पुन्हा" एवढंच म्हणत, आणि ते ओरडण्यापेक्षा जास्त लागायचं. शनिवारी शाळा सकाळची असायची. शेवटचा तास बाईंचा. त्या तासाला पुस्तकं दप्तरात जायची, बाई टेबलाला टेकून उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "या आठवड्यात कोणी काय पाहिलं?" पाहिलं म्हणजे, आपल्यापैकी एखाद्याने दुसऱ्यासाठी केलेली बरी गोष्ट. स्वतःचं सांगायचं नाही, हा नियम. सांगणाऱ्याचं कौतुक नाही, करणाऱ्याचंही नाही. सांगायचं आणि खाली बसायचं.

सुरुवातीला मुलं थापा मारायची. रस्ता ओलांडायला मदत केलेल्या आंधळ्या आजोबांचा तर सुळसुळाट झाला होता. एकदा बाईंनी हात वर करून सांगणाऱ्याला थांबवलं. "रत्नागिरीत एवढे आंधळे आहेत, आणि ते सगळे आपल्याच शाळेच्या रस्त्याला येतात? खोटं सांगू नका. लहान गोष्ट असू दे, पण खरी सांगा." मग कोणीतरी बिचकत सांगितलं की वंदनाच्या फ्रॉकचा हूक तुटला होता तेव्हा शेजारची मुलगी दिवसभर तिच्या मागोमाग चालत होती. कोणी सांगितलं, एसटीने येणाऱ्या पाय अधू असलेल्या मुलाबरोबर त्याचा मित्र मुद्दाम रेंगाळत चालतो आणि बुटाची नाडी सुटल्याचं ढोंग करतो. बाई ऐकायच्या आणि म्हणायच्या, "हां, पुढे?" पण हे ऐकून ऐकून आमची नजर बदलली. शनिवारी सांगायला काहीतरी हवं म्हणून मुलं आठवडाभर एकमेकांकडे बघू लागली, आणि बघता बघता करूही लागली.

नजमा माझ्या पुढच्या बाकावर बसायची. तिची वस्ती खाडीच्या बाजूला, वडील आखातात नोकरीला, घरी आई आणि धाकटी भावंडं. वर्गात सगळ्यात बारीक नजर तिची. एका शनिवारी ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, नवीन मुलगी बोलते तेव्हा सगळे हसतात. अनंत हसत नाही. तो खाली मान घालतो. त्याला आवडत नाही ते." अनंत हा मागच्या कोपऱ्यात पाण्याच्या माठाजवळ बसणारा, जेमतेम पास होणारा मुलगा. त्याचे कान लालभडक झाले. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "हां, पुढे?" पण त्या दिवसानंतर "लई, लई" बंद झालं, आणि सोमवारी मधल्या सुट्टीत नजमा जिन्याखाली आली. "सरक गो जरा," म्हणाली आणि माझ्या शेजारी डबा उघडून बसली.

गणपतीची सुट्टी संपून शाळा पुन्हा सुरू झाली होती. बाई फळ्यावर गणित मांडत होत्या आणि अचानक समोरचा बाक करकरला. नजमा बाकावरून खाली कोसळली. डोळे फिरलेले, हातपाय ताठ होऊन झटके देणारे, तोंडातून फेस. मी तोवर फिट आलेलं माणूस पाहिलं नव्हतं. मला वाटलं, ती मरतेय. मुली किंचाळल्या. कोणी ओरडलं, "चप्पल हुंगवा!" कोणी "कांदा आणा!" म्हणालं. बाई आल्या, बाक ढकलून बाजूला केला, तिला कुशीवर वळवलं आणि आपल्या पदराची घडी करून तिच्या डोक्याखाली धरली. "कोणी तिला दाबून धरू नका. काही हुंगवू नका. थांबेल आपोआप." मग मान वर करून त्या ज्या आवाजात बोलल्या, तो मी कधी विसरणार नाही. "मुलींनो, तिच्याभोवती गोल उभ्या राहा. पाठ तिच्याकडे, तोंड बाहेर. मुलांनी मागच्या भिंतीकडे बघायचं. एकानेही वळायचं नाही."

आम्ही उभ्या राहिलो, खांद्याला खांदा लावून. आरडाओरडा ऐकून शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीशी जमली होती, माना उंच करून बघत होती. त्यांना आमच्या चेहऱ्यांखेरीज काही दिसलं नसेल. माझ्या पाठीमागे नजमाचे पाय फरशीवर आपटत होते. एरवी आम्हाला "बघा" म्हणून सांगणाऱ्या बाईंनी त्या दिवशी बघू नका म्हटलं होतं, आणि वर्गातल्या एकानेही मान वळवली नाही. हळूहळू आवाज थांबला. मग माझ्या चपलेपाशी काहीतरी ओलं आलं, आणि माझ्या लक्षात आलं. शेजारच्या मुलीच्याही आलं, "अगो, ओलं..." एवढं तिच्या तोंडून निसटलं. आम्ही एकमेकींकडे बघायचं टाळलं. आठवीतल्या मुलीला वर्गात, मुलांच्या देखत असं व्हावं, याहून मोठी लाज आम्हाला त्या वयात माहीत नव्हती. ती शुद्धीवर येईल तेव्हा काय करेल, या विचारानेच मला रडू फुटायला लागलं.

तेवढ्यात मागे धाडकन आवाज झाला. माठ फुटला होता. पाण्याचा लोट बाकांखालून पुढे आला, आमचे पाय भिजले, दप्तरं भिजली, खाली बसलेल्या बाईंची साडी भिजली आणि नजमाचे कपडेही भिजले. भिंतीकडे तोंड करूनच अनंत म्हणाला, "बाई, माजा धक्का लागला."

बाईंनी ओल्या फरशीकडे पाहिलं. मग खिडकीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात कडाडल्या, "वेंधळ्या! सगळा वर्ग भिजवलास! आता उभे काय राहिलात, फडकं आणा कोणीतरी!" अनंत फडकं आणायला धावला. जाताना त्याने बाईंकडे पाहिलं आणि बाईंनी त्याच्याकडे. त्या नजरेत राग नव्हता, एवढं मला गोलात उभं राहूनही दिसलं. नजमाने डोळे उघडले तेव्हा सगळेच ओले होते. तिने भांबावून स्वतःच्या कपड्यांकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "काय झालं?" बाई तिला उठवत म्हणाल्या, "तुला चक्कर आली, आणि त्या अनंताने माठ फोडला."

त्या शनिवारी नजमा शाळेत नव्हती. बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "या आठवड्यात कोणी काय पाहिलं?" एकही हात वर झाला नाही. बाई थांबल्या. बाहेर मैदानात कुणीतरी शिट्टी वाजवत होतं, ती ऐकू येत होती. मग त्यांनी टेबलावरचं डस्टर उचललं, पुन्हा ठेवलं, आणि म्हणाल्या, "शाबास. जा घरी." हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदाच ऐकला.

पुढच्या आठवड्यात नजमाच्या आई शाळेत आल्या. मी गृहपाठाच्या वह्या ठेवायला शिक्षकांच्या खोलीत गेले होते. त्या खुर्चीवर न बसता उभ्याच होत्या. "पोरीचा नाव काढून टाका, बाई," त्या म्हणत होत्या. "तिचे वडील हितं नाहीत. सगळ्या वर्गानं बघितला. उद्या गावभर होल. मग लगीन कसा व्हायचा तिचा?" बाईंनी गोळ्यांनी हे आटोक्यात येतं म्हणून सांगून पाहिलं, डॉक्टरांकडे मी बरोबर येते म्हणाल्या. पण नजमाच्या आई एकच धरून बसल्या होत्या... सगळ्यांनी बघितला. मयेकर बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "सुनंदा, त्या दिवशी वर्गात काय झालं?" मी म्हणाले, "माठ फुटला, बाई." त्यांनी व्हरांड्यातून जाणाऱ्या वंदनाला हाक मारली. तिला विचारलं. "अनंतने माठ फोडला, बाई. सगळं भिजलं." मग आणखी एका मुलाला. तो म्हणाला, "पाणी झाला सगळीकडे." आम्हाला कोणी काही पढवलं नव्हतं. आपसात आम्ही त्याबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. नजमाच्या आई आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत राहिल्या, मग खुर्चीत बसल्या आणि ओढणीत तोंड लपवून रडल्या. बाईंनी आम्हाला खुणेनेच बाहेर घालवलं.

नजमा परत आली. बाई तिला आणि तिच्या आईला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. दुपारची गोळी बाईंच्या कपाटात असायची, मधल्या सुट्टीत नजमा "शंका विचारायला" जायची आणि घेऊन यायची. दहावीत तिला वर्गात पुन्हा एकदा फिट आली. त्या वेळी दुसरे सर तासावर होते आणि ते पार गडबडून गेले, पण कोणी काही सांगायच्या आधी आम्ही पाठ करून उभ्या होतो. ती दहावी झाली, डीएड झाली, प्राथमिक शाळेत शिकवायला लागली. लग्न ठरताना घरच्यांचा विचार आजार लपवायचा होता. बाई त्यांच्या घरी जाऊन बसल्या. "जगाला नका सांगू. पण ज्याच्याबरोबर राहायचं त्याला सांगा." ते स्थळ मोडलं. नजमा बाईंशी काही महिने बोलत नव्हती. पुढे दुसरं आलं, सगळं ऐकून होकार देणारं, आणि तो संसार आजही उत्तम चालू आहे. अनंत दहावीनंतर मुंबईला गोदीत लागला. बाई गेल्याचं कळलं तेव्हा मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "मला त्यांनी नंतर कधी विचारला नाय, मुद्दाम फोडलास काय म्हणून."

मी मात्र बाईंना एकदा विचारलं होतं. त्या निवृत्त झाल्यावर, काही वर्षांपूर्वी. "बाई, शनिवारचा तो तास तुम्हाला सुचला कसा?" मला वाटलं, काहीतरी मोठं उत्तर मिळेल. त्या म्हणाल्या, "सुचायचं काय त्यात? एवढी मुलं, मी एकटी. कोणाला काय दुखतंय ते मला कुठून दिसणार? म्हणून तुमचे डोळे वापरले." आणि लगेच, "तू जेवून जाणार आहेस ना?"

गेल्या आठवड्यात मी रत्नागिरीला गेले आणि नजमाबरोबर बाईंच्या घरी जाऊन आले. बाईंनी लग्न केलं नव्हतं. त्या भाच्याकडे राहायच्या, सुहास आणि त्याची बायको मेधा यांच्याकडे. त्यांची खोली आवरून ठेवलेली होती, खाटेवर धुतलेली चादर. आम्ही तिथेच बसलो. मेधाने चहा आणला. कप मोठे होते आणि चहा मात्र प्रत्येकात अर्धाच. मी कपाकडे पाहिलं असावं, कारण मेधा एकदम वरमली. "अय्या, बघा ना... सवयच झालीये. शेवटी शेवटी आत्यांचा हात फार थरथरायचा. भरलेला कप हिंदकळायचा, अंगावर सांडायचा. मग त्या म्हणायला लागल्या, मला चहा कमीच लागतो. म्हणून आम्ही घरातले सगळेच अर्धा कप घ्यायला लागलो. त्यांचा एकटीचा वेगळा दिसायला नको. त्या गेल्या, पण माझा हात तेवढंच ओततो." ती उठली. "थांबा, अजून घालते."

नजमाने कपावर तळहात ठेवला.

"नको गो," ती म्हणाली, "एवढाच बरा."